ताईंच्या गाडीत सिनेमाचे कॅमेरे

थेट प्रक्षेपणाच्या गाडीत बारा महिने थंडी असते. यंत्रं तापू नयेत म्हणून गारवा इतका सोडलेला असतो, की बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत बसणारी माणसं स्वेटर चढवून बसतात. ताईंचा स्वेटर करडा होता, कोपरांवर विरलेला. तो गाडीतल्या खुंटीवरच राहायचा. घरी नेला तर नवरा टाकून देईल, अशी त्यांना धास्ती होती.

बाहेरून पाहिलं तर ही गाडी म्हणजे एक लांबलचक ट्रक. आत शिरलं की भिंतभर पडदे. पुढच्या रांगेत दिग्दर्शिका बसते आणि कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र लोकांच्या घरी जायचं ते क्षणोक्षणी ठरवते. ताई मागच्या अरुंद कप्प्यात. त्यांच्यासमोर प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एक छोटी दांडी आणि तिच्या आजूबाजूला गोल बटणं. दांडी पुढे ढकलली की त्या कॅमेऱ्याच्या भिंगातलं छिद्र उघडतं, उजेड वाढतो. मागे ओढली की मिटतं. रंगांचं काम बटणांवर. मैदानावर ढग आला, ढग गेला, वक्ता उन्हातून सावलीत सरकला, तरी घरी बसलेल्याला काही कळता कामा नये. कळलं, तर ताईंचं चुकलं.

"तुम्ही करता काय नेमकं?" असं कुणी विचारलं, की त्या म्हणायच्या, "सहा जावा एका घरात नांदवते. एक गोरी दिसली की दुसरी काळवंडते, तिसरीच्या तोंडावर कायम पिवळेपणा. आणि पाहुण्यांना मात्र वाटलं पाहिजे, काय एकोपा आहे हो घरात!"

तीस वर्षं त्यांनी हा संसार केला. गाडीतली सगळी माणसं, वयाने मोठी असोत की लहान, त्यांना ताईच म्हणत.

खऱ्या नात्याने ताई म्हणणारा मात्र एकच होता. धाकटा भाऊ. सिनेमाचा छायाचित्रकार, चांगलं नाव कमावलेला. सेटवर लोक त्याच्याशी 'सर, सर' करत बोलायचे. घरी तो अजून बाब्याच होता. एका खोलीतला उजेड मनासारखा बसवायला तो सकाळची दुपार करायचा. दोघांचं एकमेकांच्या कामाबद्दलचं मत फारसं चांगलं नव्हतं.

"तुमच्या टीव्हीत माणसं ट्यूबलाइटखाली वाळत घातल्यासारखी दिसतात," तो म्हणायचा.

"आणि तुमच्या सिनेमात घरोघरचे दिवे गेलेले असतात," ताई म्हणायच्या.

आई मध्ये बसून हसायची. ही चेष्टा बरीच वर्षं चेष्टाच होती. मग बाब्याला एक मोठा पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या मेजवानीत तो पाहुण्यांना घरच्यांची ओळख करून देत होता. बायकोची दिली, आईची दिली, आणि ताईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ही माझी ताई. टीव्हीत असते. बटणं फिरवते." लोक हसले. ताईही हसल्या. त्या रात्री त्यांनी नवऱ्यालासुद्धा काही सांगितलं नाही. भावाकडे येणं-जाणं चालू राहिलं, फोन चालू राहिले, फक्त त्याचा सिनेमा लागला की "कसा झालाय?" हे विचारणं त्यांनी सोडून दिलं. आणि बाब्याच्या ते लक्षातही आलं नाही. मूळ बोलण्यापेक्षा हेच त्यांना जास्त लागलं.

अशात एका जुन्या नाट्यगृहातून बोलावणं आलं. तिथे एक वयोवृद्ध अभिनेत्री आपला शेवटचा प्रयोग करणार होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. वाहिनीने तो प्रयोग थेट दाखवायचं ठरवलं, आणि कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की नेहमीच्या कॅमेऱ्यांनी नको, सिनेमाच्या कॅमेऱ्यांनी दाखवू. चित्र कसं मऊ आणि खोल दिसलं पाहिजे. त्यासाठी सिनेमातलाच माणूस आणला. गाडीचं दार उघडून तो आत आला, तेव्हा मागच्या कप्प्यात स्वेटर घालून बसलेली बहीण त्याला दिसली.

"ताई, तू?"

"मग कोण असणार? गाडी माझीच आहे."

"अगं, सांगायचं नाही का!"

"तू विचारलंस का कधी, मी कुठल्या गाडीत असते ते?"

सिनेमाच्या कॅमेऱ्याला अशा गाडीची सवय नसते. तो एकुलता एक वाढलेला. चित्र घ्यायचं आणि आपल्याच पोटात साठवायचं. रंग वगैरे पुढे महिनाभराने कुणीतरी सावकाश बसून भरणार. त्याला थेट प्रक्षेपणात आणायचं म्हणजे लाडावलेल्या एकुलत्या पोराला खटल्याच्या घरात आणून सोडायचं. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पाठीवर एक डबा बसवला. त्या डब्यापासून गाडीपर्यंत एक बारीक काचतंतूची केबल. तिच्यातून चित्र गाडीकडे यायचं. उलट बाजूने दिग्दर्शिकेचा आवाज जायचा, 'आता तुझं चित्र घरोघर चाललंय' हे सांगणारा लाल दिवा पेटायचा, आणि ताईंच्या दांडीचा हुकूमही जायचा. पण सिनेमाच्या भिंगाला हुकूम कळत नाही. त्याची कडी माणसाने हाताने फिरवायची असते. म्हणून त्या कडीला दातेरी चाकाची चिमुकली मोटर लावली. शिवाय या कॅमेऱ्यांत चेहरा स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर, असा प्रकार. नट एक पाऊल पुढे आला तरी तोही धूसर. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्यासाठी, दूर छोट्या पडद्यासमोर बसून फोकस धरणारा एक वेगळा माणूस.

पहिल्या तालमीत फजितीला सुमार राहिला नाही. चित्रं आली ती पाण्यात दूध सांडल्यासारखी फिकट. गाडीतल्या एका यंत्रातून त्यांच्यावर रंग चढवले, तर त्या खटपटीत चित्राला उशीर होऊ लागला. आवाज आधी, ओठ मागून. बाई बोलून मोकळ्या व्हायच्या आणि पडद्यावर नंतर तोंड हलायचं. आवाजवाल्याने आवाज धरून धरून मागे ठेवला, तेव्हा कुठे दोघांची गाठ पडली. सिनेमातल्या कॅमेरावाल्यांना कानात सतत कुणीतरी बोलण्याची सवय नव्हती. दिग्दर्शिका म्हणाली, "तीन, जरा डावीकडे," तर तीन नंबरचा गडी भर नाट्यगृहात मोठ्याने म्हणाला, "हो मॅडम!"

रंगमंचावर बाई थांबल्या. "कुणाला हो म्हणतोय रे? मी तर काही विचारलं नाही."

सगळे हसले. पण हसू तिसऱ्या अंकापर्यंतच टिकलं.

तिसऱ्या अंकात नाटकातली आई खिडकीपाशी बसलेली असते, आणि तिचा मुलगा आता परत येणार नाही असा निरोप येतो. बाई प्रेक्षकांकडे जवळजवळ पाठ करून बसल्या. खिडकीतला उजेड खांद्यावर, चेहरा अंधारात. गाडीत ताईंसमोरचा पडदा काळा झाला, आणि त्यांचा हात आपोआप पुढे गेला. तीस वर्षांचा हात तो. छिद्र उघडलं, काळोख थोडा वर उचलला. बाईंचा गाल दिसू लागला, त्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसली, केसांच्या टोपाची कडसुद्धा दिसली.

थोड्याच वेळात गाडीचं दार धाडकन उघडलं. सभागृहात पडद्यासमोर बसलेला बाब्या धावत आला होता, धापा टाकत होता.

"कुणी केलं हे?"

"मी," ताई म्हणाल्या. "काही दिसत नव्हतं."

"दिसायचंच नव्हतं, ताई! बाईंनी स्वतः मागून घेतलाय तो अंधार. मला म्हणाल्या, रडताना मी पाठ फिरवते, तेवढं माझं मला राहू द्या."

"मग हे मला कुणी सांगितलं?"

"तुला काय सांगायचं त्यात? तू फक्त..." तो थांबला.

"बोल ना. बटणं फिरवते. म्हणालायस एकदा, सगळ्यांसमोर."

गाडीतल्या सगळ्यांना एकाएकी आपापल्या पडद्यात फार महत्त्वाचं काहीतरी दिसू लागलं. दिग्दर्शिका खुर्ची मागे सारत म्हणाली, "चहा घेऊ या का सगळे?" आणि माणसं भराभर खाली उतरली. भाऊबहीणही उतरले. ट्रकच्या मागे केबल गुंडाळायची मोठी रिळं पडली होती, त्यांतल्या एकावर ताई बसल्या. बाब्या उभाच राहिला. बराच वेळ त्याला आठवेना. मग मेजवानी आठवली, खांद्यावरचा हात आठवला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"ताई, मी ते विसरूनसुद्धा गेलो होतो गं."

"तेच तर."

"इतकी वर्षं मनात ठेवलंस?"

"काढून कुठे ठेवणार?" ताईंनी डोळे पुसले नाहीत, नाक मात्र स्वेटरच्या बाहीला पुसलं. "पण ते वेगळं आणि आजचं वेगळं. आज माझं चुकलं. नाटक वाचल्याशिवाय मी हात लावायला नको होता. काळोख दिसला की माझी बोटं शिवशिवतात. सवय झालीय."

बाब्या शेजारच्या रिळावर टेकला. चहाचा कप दोन्ही हातांत धरून तो म्हणाला, "मला भीती वाटतेय, ताई."

"कशाची?"

"मला आयुष्यात पहिल्यांदा दुसरा टेक मिळणार नाहीये. चुकलं की चुकलं, तेच लोकांच्या घरी. तू रोज कशी करतेस हे?"

हा प्रश्न ताईंना आजवर कुणी विचारलाच नव्हता. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "मागचं चुकलं ते मागेच सोडायचं. तेवढ्यात पुढचं येतं. रडायला वेळच नसतो."

त्यानंतर बाब्या सभागृहातली आपली ऐसपैस जागा सोडून ताईंच्या कप्प्यात घडीची खुर्ची टाकून बसला. सिनेमावाल्या माणसाला गाडीची थंडी ठाऊक नव्हती. तो कुडकुडायला लागला, तेव्हा ताईंनी यंत्रांवर टाकायची जुनी चादर त्याच्या अंगावर घातली. दोघांनी प्रवेशामागून प्रवेश पुन्हा पाहिले. इथे उजेड कुठून येतोय, ही बाई आत्ता काय लपवतेय, हे तो सांगायचा. ताई दांडीवर बोट ठेवून ते किती आणि केव्हा हे ठरवायच्या. कधी तो म्हणायचा, "अजून खाली," आणि त्या म्हणायच्या, "घरी आईच्या टीव्हीवर एवढं खाली नेलंस तर नुसता काळा चौकोन दिसेल." मग दोघं मधला कुठलातरी अंधार ठरवायचे.

ताई बाईंच्या रंगभूषेच्या खोलीतही जाऊन आल्या. माफी मागितली. बाई आरशातूनच त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "मला उजळ केलंत म्हणून माफी मागताय? जन्मभर लोकांनी उलटंच केलं हो माझं!" मग त्यांनी ताईंचा हात धरला. "पण तिसऱ्या अंकात जरा जपा मला."

प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह भरलं. ताईंच्या घरी दिवाणखान्यात आई खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसली होती. दोन्ही मुलांचं काम एकाच पडद्यावर दिसण्याची ही तिची पहिलीच वेळ. शेजारी जावई, चुकून वाहिनी बदलली जाऊ नये म्हणून रिमोट खिशात घालून.

पहिले दोन अंक बरे गेले. एकदा बाई ठरल्यापेक्षा दोन वाक्यं आधीच उठल्या आणि मुख्य कॅमेऱ्यात त्यांचा चेहरा विरघळला. हेडसेटमध्ये फोकसवाल्याचं "गेलं!" सगळ्यांना ऐकू आलं. दिग्दर्शिकेने शांतपणे दूरच्या कॅमेऱ्यावर उडी मारली, तोवर त्या गड्याने चेहरा परत पकडला. बाब्याने डोक्याला हात लावला. ताई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "मागे सोड."

दुसरा अंक संपला, पडदा पडला. तिसऱ्यासाठी कॅमेरे तयार करताना ताईंनी पहिल्या कॅमेऱ्याची दांडी मागे ओढली. चित्र होतं तसंच राहिलं. पुन्हा ओढली, पुढे ढकलली. काही नाही.

"एक नंबर ऐकत नाहीये माझं," त्या म्हणाल्या.

कॅमेऱ्यावरचा माणूस कानात कुजबुजला, "मोटर फिरतेय, पण कडीला लागत नाहीये. दाते झिजलेत बहुतेक."

हा मुख्य कॅमेरा, मधल्या वाटेत तिसऱ्या रांगेजवळ. खिडकीचा प्रवेश त्याच्यावरच अवलंबून. कॅमेरावाल्याचे दोन्ही हात कॅमेरा वळवण्यात गुंतणार, फोकसवाला दूर आपल्या पडद्यासमोर बसलेला, आणि दुरुस्ती करणारा माणूस रंगमंचाच्या पलीकडच्या बाजूला. दिग्दर्शिकेने मागे वळून पाहिलं. पण घडीची खुर्ची आधीच रिकामी झाली होती. चादर जमिनीवर पडली होती.

बाब्या बाजूच्या दाराने सभागृहात शिरला, वाकत वाकत मधल्या वाटेत पोचला आणि कॅमेऱ्याच्या भिंगाखाली उकिडवा बसला. मागच्या प्रेक्षकांच्या आड येऊ नये म्हणून मान खाली. डब्यात दुसरा हेडसेट लावायची सोय होती, तो त्याने कानाला लावला. मोटर सैल करून बाजूला केली आणि कडीवर दोन बोटं ठेवली.

"ताई, मला इथून चित्र दिसत नाही. काहीच दिसत नाही."

"मला दिसतंय. मी सांगते तसं कर."

पडदा उघडला.

"मिट थोडं," ताई म्हणाल्या. "अजून. अजून नखभर. बस."

"कसं दिसतंय?"

"तू सांगितलं होतंस तसं."

निरोप घेऊन येणारा नट आला, बोलला, गेला. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. लाल दिवा पेटला. घराघरांत फक्त एक खांदा आणि खांद्यावरचा थोडासा उजेड दिसत होता. नाट्यगृहात कुणी खोकत नव्हतं. गाडीतही दिग्दर्शिकेने आकडे बोलणं थांबवलं होतं. ताईंचा हात निकामी दांडीवर होता आणि त्यांची बोटं शिवशिवत होती, पण त्यांनी ती तशीच ठेवली.

आणि मग बाई वळल्या. तालमीत त्या कधी वळल्या नव्हत्या. हळूच मान फिरवून त्यांनी चेहरा प्रेक्षकांकडे केला आणि तसाच ठेवला.

"बाब्या, उघड."

"नको ताई, अंधार मागितलाय त्यांनी..."

"वर बघ. कडीकडे नाही, त्यांच्याकडे बघ."

बाब्याने मान वर केली. तिसऱ्या रांगेपासून बाई तशा जवळच होत्या. त्याने त्यांचा चेहरा पाहिला.

"सावकाश," ताई कानात म्हणत होत्या. "दिवा लावल्यासारखं नको. सकाळ झाल्यासारखं. हं. अजून. हं... हं. थांब तिथेच."

त्याने कडी इतक्या हळू फिरवली, की ती हलतेय हे शेजारी उभ्या असलेल्या कॅमेरावाल्यालाही कळलं नाही. फोकसवाल्याने या वेळी श्वाससुद्धा सोडला नसावा. डोळ्यातलं पाणी पापणीशी कसं थांबलंय तेही स्पष्ट दिसलं. दिग्दर्शिकेला दुसरं चित्र घ्यायचं होतं, तिने घेतलं नाही. अंक संपेपर्यंत बाब्या तसाच उकिडवा बसून राहिला. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा त्याला उठताच येईना, पायांना मुंग्या आल्या होत्या. कॅमेरावाल्याने काखेत हात घालून त्याला उभं केलं.

प्रयोगानंतर दोघं बाईंकडे गेले. बाब्याला राहवेना. "बाई, एक विचारू? तुम्ही वळलात का? ठरलं नव्हतं."

"मान अवघडली होती रे," बाई म्हणाल्या. टोप काढून त्या डोकं खाजवत होत्या. "त्या खिडकीतून वारा येतो ना, तालमीपासून सांगतेय, बंद करा म्हणून. कुणी ऐकतच नाही."

दोघं बाहेर आले आणि जिन्यावरच हसत सुटले. इतकं, की बाब्याला कठड्याला धरावं लागलं. हसता हसता तो एकदम म्हणाला, "ताई, त्या मेजवानीतलं... मी चुकलो होतो." ताईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. लहानपणी घालायच्या तसा, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आलं ते काही एकमताचं नव्हतं. एकाने लिहिलं, नाटक इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्याने लिहिलं, फारच अंधार. वाहिनीला मात्र आवडलं, आणि पुढे अशी कामं येत गेली. सिनेमाचे कॅमेरे गाडीला जोडायचे असले की मोटरींचे दाते आता ताई स्वतः बोट फिरवून तपासतात. बाब्याने त्यांना एकदा आपल्या सेटवरही नेलं. सकाळी गेल्या, दुपारपर्यंत एकच चित्र झालं, आणि त्या नवऱ्याला फोन करून म्हणाल्या, "मला न्यायला ये, इथे कुणाला घाईच नाही." पण त्याचा तो सिनेमा लागला, तेव्हा पहिल्याच दिवशी तिकीट काढून गेल्या. आल्यावर त्याला फोन केला आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या कामाबद्दल त्याच्याशी पोटभर भांडल्या.

एक गोष्ट राहिलीच. प्रयोगाच्या दुपारी आईला दुसऱ्या अंकातच झोप लागली होती. जावयाने उठवून पाहिलं; "जागीच आहे मी," म्हणाली आणि पुन्हा झोपली. म्हणून पुढच्या रविवारी दोघं मुलं तिला मध्ये बसवून, तिच्या दोन्ही बाजूंना बसली आणि सगळं नाटक पुन्हा लावलं. खिडकीचा प्रवेश आला. बाई वळल्या, चेहऱ्यावर उजेड आला. आई पुढे झुकली.

"इथे उजेड पाव स्टॉप जास्त झाला," बाब्या पुटपुटला. "तू मला उगाच जास्त उघडायला लावलंस."

"मी थांब म्हटल्यावर तू थांबला नाहीस," ताई म्हणाल्या. "बोट तुझं होतं."

"अगं, तू 'हं, हं' करत होतीस! माणसाने काय समजायचं?"

"गप बसा रे दोघं," आई म्हणाली. "मला बघू द्या."